हिमभूमीचे पाहुणे

पाहुण्याविषयी मराठी माणसाने पुष्कळ विचार केलेला आहे. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई आणि तिसऱ्या दिवशी अक्कल गेली, असे आपल्या जुन्या माणसांनी सांगून ठेवले. आतिथ्य हा घराचा धर्म आहे, तसाच मर्यादा हा पाहुण्याचा धर्म आहे, हे त्यांना ठाऊक होते. अलीकडे पर्यटनाच्या जगात एक नवा शब्द रूढ होत आहे : पुनरुज्जीवक पर्यटन. ज्या भूमीला आपण भेट देतो तिचे नुकसान करू नये, एवढ्यावर हा विचार थांबत नाही. आपल्या येण्याने ती भूमी, तेथील माणसे, त्यांची भाषा व त्यांचे व्यवसाय अधिक सशक्त व्हावेत, अशी त्याची मागणी आहे. ही मागणी खरी की केवळ जाहिरातीचा नवा मुलामा, हे तपासायचे तर ज्यांच्या दारी शतकानुशतके अनाहूत पाहुणे आले त्या लोकांचा इतिहास पाहावा लागतो. उत्तर ध्रुवाजवळच्या हिमभूमीतील इनुइट लोकांचा इतिहास असाच आहे, आणि त्या पाहुण्यांत आमच्यासारखे धर्मगुरूही होते. म्हणूनच हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

इनुइट या शब्दाचा अर्थ ‘माणसे’ असा आहे; एका व्यक्तीला इनुक म्हणतात. ‘एस्किमो’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले असून कॅनडातील लोकांनी ते केव्हाच नाकारले आहे. यांचे पूर्वज सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अलास्काकडून पूर्वेकडे पसरत ग्रीनलंडपर्यंत पोहोचले. आज अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड आणि रशियाचा चुकोत्का प्रांत मिळून त्यांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार आहे. झाड नाही, शेती नाही, अशा प्रदेशात सील, देवमासा, रेनडिअरच्या जातीचा कॅरिबू व मासे यांवर त्यांनी जीवन उभारले. दगडी पणतीत सीलची चरबी जाळून ते घर उबदार ठेवीत. या पणतीला कुल्लिक म्हणतात आणि ती राखण्याचा मान घरातील स्त्रीचा. शिकार वाटून खाणे हा तेथील पहिला कायदा. आल्यागेल्याचे मोकळ्या मनाने स्वागत करणे याला त्यांच्या भाषेत ‘तुन्नगानार्निक’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि आज नुनावुट प्रदेशाच्या शासनाने मान्य केलेल्या इनुइट जीवनतत्त्वांमध्ये तो गणला जातो. अशा लोकांकडे पाहुणे कसे आले ते आता पाहू.

नेणारे पाहुणे

१५७६ साली मार्टिन फ्रॉबिशर हा इंग्रज दर्यावर्दी चीनकडे जाणारा वायव्य जलमार्ग शोधत बॅफिन बेटाशी आला. त्याची पाच माणसे किनाऱ्यावर गेली ती परतली नाहीत. फ्रॉबिशरने एका इनुक माणसाला त्याच्या होडीसह पकडून लंडनला नेले. तो तेथे लवकरच मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याने एक पुरुष, एक स्त्री व एक मूल यांना इंग्लंडला नेले. तेही काही आठवड्यांतच गेले. १५७८ मध्ये १५ जहाजांचा ताफा आला आणि हजार टनांहून अधिक ‘सोन्याचा दगड’ खणून घेऊन गेला. त्यात सोने नव्हते. आजचे इकालुइट शहर ज्या उपसागरावर वसले आहे त्याला अजूनही फ्रॉबिशरचे नाव आहे. शहराने मात्र १९८७ साली ते नाव टाकून ‘पुष्कळ माशांची जागा’ या अर्थाचे आपले मूळ नाव पुन्हा धारण केले.

तीनशे वर्षांनंतरही रीत बदलली नव्हती. लॅब्रॅडोरच्या किनाऱ्यावर १७७१ पासून मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचे मिशन होते. त्यातील हेब्रॉन या ठाण्यावरचा अब्राहाम नावाचा श्रद्धाळू इनुक लिहिता-वाचता होता, व्हायोलिन वाजवीत असे. मिशनच्या दुकानाचे कर्ज फेडावे आणि युरोप पाहावा म्हणून मिशनऱ्यांचा सल्ला डावलून तो १८८० च्या ऑगस्टमध्ये पत्नी व दोन लहान मुलींसह निघाला. सोबत आणखी चौघे होते. हॅम्बर्ग, बर्लिन, प्राग अशा शहरांत या आठ जणांना प्राणिसंग्रहालयांतून व प्रदर्शनांतून पैसे घेऊन लोकांना ‘दाखविण्यात’ आले. त्यांना देवीची लस टोचण्याची आठवण कोणालाही वेळेवर झाली नाही. १८८१ च्या जानेवारीअखेर आठपैकी एकही जिवंत उरला नाही. शेवटचे काही जण पॅरिसमध्ये गेले. अब्राहामने आपल्या भाषेत रोजनिशी लिहिली होती. गर्दीचा त्रास, घराची ओढ आणि देवावरील भरवसा यांनी ती भरलेली आहे. पर्यटनाच्या इतिहासात प्रेक्षकांच्या नोंदी ढिगाने सापडतात. ज्याला पाहिले गेले त्याची नोंद विरळा.

१८९७ साली रॉबर्ट पिअरी या अमेरिकन संशोधकाने ग्रीनलंडमधून सहा इनुइट न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आणले. त्याच सफरीत त्याने आकाशातून पडलेला लोखंडाचा एक प्रचंड पाषाणही नेला. अशाच उल्कापाषाणांचे तुकडे ठोकून तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या व भाल्यांची पाती करीत आले होते. सहापैकी चौघे काही महिन्यांत क्षयासारख्या रोगांनी वारले. मिनिक नावाच्या लहान मुलाला त्याच्या बापाचा खोटा दफनविधी दाखविण्यात आला. प्रत्यक्षात बापाचा सांगाडा संग्रहालयाने ठेवून घेतला होता. हे मिनिकला पुढे कळले. त्या चौघांच्या अस्थी १९९३ साली ग्रीनलंडला परतल्या आणि त्यांचे दफन झाले.

ऐकणारे आणि न ऐकणारे

१८४५ साली सर जॉन फ्रँकलिन यांची ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही दोन जहाजे वायव्य मार्गाच्या शोधात गेली आणि १२९ माणसांसह नाहीशी झाली. १८५४ मध्ये डॉ. जॉन रे यांनी इनुइट लोकांकडून मिळालेली हकिकत इंग्लंडला कळविली : गोरी माणसे उपासमारीने मेली आणि अखेरीस मेलेल्यांचे मांस खाण्याची वेळ त्यांच्यावर आली. लंडन संतापले. चार्ल्स डिकन्ससारख्या थोर लेखकानेही आपल्या साप्ताहिकातून इनुइटांची साक्ष अविश्वसनीय ठरविली. पुढे अस्थींवरील सुरीच्या खुणांनी ती साक्ष खरी ठरली. जहाजे कोठे बुडाली याच्या कथाही तेथील वडीलधाऱ्यांनी जपल्या होत्या. ज्योआ हेवन गावचे इतिहासकार लुई कामूकाक यांनी आयुष्यभर त्या गोळा केल्या. २०१४ साली ‘एरेबस’ सापडले ते त्या कथांनी दाखविलेल्या भागातच. आणि २०१६ मध्ये त्याच गावच्या एका रहिवाशाने पूर्वी बर्फातून वर आलेले लाकूड पाहिल्याचे सांगितल्यामुळे ‘टेरर’ सापडले. ऐकायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

ऐकणारे पाहुणेही झाले. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसन १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षे ज्योआ हेवनला राहिला. कातड्याचे कपडे कसे घालावेत, कुत्र्यांची गाडी कशी हाकावी, हे तो तेथील नेट्सिलिक इनुइटांकडून शिकला. १९०६ मध्ये त्याने वायव्य मार्ग पार केला आणि १९११ मध्ये त्याच विद्येच्या बळावर दक्षिण ध्रुव गाठला. ग्रीनलंडमध्ये धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला क्नुद रासमुसेन स्वतः अंशतः इनुइट वंशाचा होता व त्यांची भाषा आईच्या भाषेसारखी बोलत असे. १९२१ ते १९२४ या मोहिमेत तो हडसन उपसागरापासून अलास्कापर्यंत कुत्र्यांच्या गाडीने गेला आणि वाटेत लोकांच्या कथा, गाणी, श्रद्धा उतरवून घेत राहिला. त्याच्यासोबत आर्नारुलुंग्वाक ही इनुइट स्त्री व तिचा एक तरुण नातलग होता. त्यांच्यावाचून तो प्रवास झालाच नसता.

आमचे मिशनरी

आता आपल्या घरच्या प्रकरणाकडे वळले पाहिजे. १९१२ साली निष्कलंक मरियेच्या ओब्लेट संघाचे फादर आर्सेन तुर्केतिल यांनी हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर चेस्टरफील्ड इनलेट येथे मिशन उघडले. पहिले स्नानसंस्कार व्हायला १९१७ साल उजाडले. तोवर थंडी, एकान्त आणि लोकांची थट्टा एवढेच त्यांच्या वाट्याला होते. १९३१ मध्ये तेथे संत तेरेजा यांच्या नावाने इस्पितळ उभे राहिले आणि धर्मभगिनींनी तेथे रुग्णांची शुश्रूषा केली. ओब्लेट फादरांनी इनुइट भाषेचे शब्दकोश केले, व्याकरणे लिहिली. उत्तर क्वेबेकमधील पुवीर्नितुक गावी फादर आंद्रे स्टाइनमन यांनी दगडी शिल्पे कोरणाऱ्या लोकांना एकत्र येऊन आपला माल आपणच विकण्यास साहाय्य केले. हा वारसा नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याच चेस्टरफील्ड इनलेटला १९५५ ते १९६९ या काळात तुर्केतिल यांच्या नावाचे वसतिगृह होते. शेकडो मैलांवरच्या वस्त्यांतून मुलांना आईबापांपासून उचलून विमानाने तेथे आणले जाई. शाळेत त्यांच्या भाषेला वाव नव्हता. त्यांतील काही मुलांवर, ज्यांच्या हाती ती सोपविली होती त्यांच्याकडूनच, लैंगिक अत्याचार झाले. १९९३ साली माजी विद्यार्थी तेथे पुन्हा जमले आणि त्यांनी हे उघडपणे सांगितले. १९९६ मध्ये तेथील महागुरूंनी क्षमा मागितली. याच वसतिगृहातून बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी पुढे नुनावुट प्रदेशाच्या निर्मितीचे नेतृत्व केले, हेही खरे. पण चांगल्या शिक्षणाने तेथील पाप हलके होत नाही. ज्यांनी हे भोगले तेही हा हिशेब असाच मांडतात, वजाबाकी न करता.

हेतू शुद्ध असूनही पाहुणा काय घडवू शकतो, याचे दुःखद उदाहरण मोरावियन मिशनचे आहे. १९१८ च्या शरद ऋतूत त्यांचे ‘हार्मनी’ जहाज नेहमीप्रमाणे धान्य व सामान घेऊन लॅब्रॅडोरच्या किनाऱ्याने गेले. जहाजावर इन्फ्लुएंझाची साथ होती. ओकाक गावातील २६३ पैकी २०४ माणसे मरण पावली. गाव उठले. अन्न घेऊन आलेल्या जहाजानेच मरण आणले.

सरकार नावाचा पाहुणा

१९५३ व १९५५ साली कॅनडा सरकारने उत्तर क्वेबेकमधील इनुकजुआक आणि बॅफिन बेटावरील पॉन्ड इनलेट येथील ९२ माणसांना अतिउत्तरेकडील रेझोल्यूट व ग्रीस फिऑर्ड येथे नेऊन वसविले. शिकार मुबलक मिळेल, पसंत न पडल्यास दोन वर्षांत परत आणू, असे सांगितले होते. तेथे तीन महिन्यांहून अधिक काळ सूर्य उगवत नाही, हे इनुकजुआकच्या लोकांनी कधी अनुभवलेले नव्हते. परत आणण्याचे वचन पाळले गेले नाही. सरकारने २०१० साली क्षमा मागितली. क्षयरोग्यांना जहाजांतून दक्षिणेच्या इस्पितळांत नेले जाई. कित्येकांचे पुढे काय झाले, कोठे पुरले, हे घरच्यांना कळलेच नाही. त्याबद्दल २०१९ च्या मार्चमध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी इकालुइटला येऊन क्षमा मागितली. अब्राहामचे हेब्रॉनही १९५९ साली बंद करण्यात आले. हा निर्णय लोकांना सांगण्यात आला तो गिरिजाघरात, जेथे आवाज चढवून वाद घालायचा नाही असा संकेत त्या श्रद्धाळू लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला होता. ते गप्प राहिले, आणि त्यांचे मौन होकार समजले गेले.

दाराची किल्ली

बदल सुरू झाला तो लोकांनी आपला व्यवहार आपल्या हाती घेतल्यावर. १९५९ साली कांगिक्सुआलुजुआक येथे मासेमारीसाठी आणि केप डॉर्सेट म्हणजे किंगाइट येथे चित्रमुद्रणासाठी सहकारी संस्था निघाल्या. किंगाइटच्या केनोजुआक अशेवाक यांचे १९६० मधील घुबडाचे चित्र पुढे कॅनडाच्या टपाल तिकिटावर आले. सहकाराचे जाळे वाढले. दुकाने, इंधन आणि पाहुण्यांसाठी हॉटेलेही गावोगावच्या सहकारी संस्था चालवू लागल्या. १ एप्रिल १९९९ रोजी सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा नुनावुट प्रदेश अस्तित्वात आला. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३७ हजारांच्या आत भरली. २००५ मध्ये लॅब्रॅडोरच्या इनुइटांचे नुनात्सियावुट हे स्वशासन आले.

दरम्यान पर्यटकही आले. १९८४ मध्ये पहिले प्रवासी जहाज वायव्य मार्ग पार करून गेले. २०१६ मध्ये ‘क्रिस्टल सेरेनिटी’ हे सुमारे हजार प्रवाशांचे आलिशान जहाज ज्या उलुखाकटोक गावी थांबले त्याची लोकसंख्या चारशेच्या आसपास होती. कंपनीने गावाशी आधी बोलणी केली, प्रवाशांना लहान तुकड्यांनी उतरविले, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या जहाजावर जेवण, निवास व करमणूक सारे आधीच विकलेले असते, त्यावरचा प्रवासी गावात किती खर्च करणार? त्यात आणखी एक मेख आहे. सीलचे कातडे हा तेथील स्त्रियांच्या शिवणकलेचा प्राण. पण अमेरिकेच्या १९७२ च्या कायद्यामुळे अमेरिकन पर्यटक त्याची वस्तू घरी नेऊ शकत नाही. युरोपनेही १९८३ व २००९ मध्ये निर्बंध घातले. २००९ च्या कायद्यात इनुइटांना सवलत ठेवली खरी, परंतु बाजार तोवर मोडला होता. प्राण्यांवरील दया दूरच्या शहरांत उत्पन्न झाली आणि तिची किंमत शिकाऱ्याच्या घराने मोजली.

मग पुनरुज्जीवन कोठे दिसते? लॅब्रॅडोरच्या उत्तर टोकाला सुमारे ९,७०० चौरस किलोमीटरचे टॉर्नगॅट पर्वत राष्ट्रीय उद्यान आहे. इनुइटांनी २००५ च्या भूमिकराराबरोबर ही भूमी उद्यानासाठी देऊ केली. उद्यानाच्या सल्लागार व्यवस्थापन मंडळावर सर्व सदस्य इनुइट आहेत. पाहुण्यांचा तळ नुनात्सियावुट शासनाच्या मालकीचा आहे. ध्रुवीय अस्वलांपासून रक्षण करणारे बंदूकधारी रक्षकही इनुइट. त्यांना सोबत घेऊन फिरावे, असा पाहुण्यांना आग्रह असतो. त्याच तळावर वडीलधारी माणसे व शाळकरी मुले येतात. पाहुणे नसते तरी त्यांना यायचेच होते, पण पाहुण्यांच्या पैशाने ते येणे सुकर होते. हेब्रॉनहून हलविलेल्या कुटुंबांतील माणसे त्या ओसाड गावी परत येतात, तेथील जुने गिरिजाघर दुरुस्त करतात आणि आलेल्यांना आपली हकिकत आपल्या तोंडाने सांगतात. २००५ साली प्रांताच्या सरकारने त्यांची क्षमा मागितली. २००९ मध्ये तेथे स्मृतिफलक बसले. ज्योआ हेवनलाही फ्रँकलिनच्या बुडालेल्या जहाजांवर गावचे इनुइट रक्षक पहारा देतात, आणि २०१८ साली ब्रिटनने ती जहाजे कॅनडाला दिल्यानंतर त्यांच्या मालकीत इनुइटांचा वाटा मान्य झाला आहे.

या उदाहरणांतून आम्हांला एक कसोटी दिसते. पाहुणा किती सज्जन आहे, यापेक्षा दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे, हे महत्त्वाचे. २०२० च्या मार्चमध्ये करोनाची साथ आली तेव्हा नुनावुटने बाहेरच्यांना दार बंद केले, आणि नोव्हेंबरपर्यंत तेथे एकही रुग्ण आढळला नाही. ओकाकच्या लोकांपाशी ती किल्ली नव्हती.

या नव्या शब्दाची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९७९ पासून उत्तर ध्रुवीय प्रदेश जगाच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापला आहे. शिकारी ज्या बर्फावरून पिढ्यान्‌पिढ्या गेला तो आता भरवशाचा राहिलेला नाही. वितळण्यापूर्वी बर्फ पाहून घ्यावा म्हणून जे विमानाने तेथे जातात त्यांचे विमानही त्या वितळण्यात भर घालते. मार्गदर्शकाला दिलेली मजुरी त्या बर्फाला गोठवू शकत नाही. हा विरोध कोणत्याही गोड शब्दाने मिटत नाही. म्हणून जाणाऱ्याने कमी वेळा जावे, जास्त दिवस राहावे आणि गावाच्या संस्थेतच उतरावे, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल.

प्रायश्चित्ताची यात्रा

२९ जुलै २०२२ रोजी आणखी एक पाहुणा इकालुइटला आला. पोप फ्रान्सिस तेव्हा ८५ वर्षांचे होते, त्यांना चालणे कठीण झाले होते. आपल्या कॅनडाभेटीला त्यांनी प्रायश्चित्ताची यात्रा म्हटले होते. प्रथम ते एका प्राथमिक शाळेत निवासी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना भेटले व त्यांचे ऐकले. मग बाहेर मोकळ्यावर जमलेल्यांसमोर त्यांनी क्षमा मागितली. तेथे कुल्लिक पेटविलेली होती. काहींनी ती क्षमायाचना स्वीकारली. काहींना ती अपुरी वाटली, कारण त्यात संस्था म्हणून ख्रिस्तसभेचा दोष स्पष्टपणे मांडलेला नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मतभेदाला घाईने मिटविण्याचा अधिकार आमच्यासारख्यांना नाही.

पुढच्या वर्षी, ३० मार्च २०२३ रोजी, व्हॅटिकनने ‘शोधाचा सिद्धान्त’ जाहीरपणे नाकारला. ख्रिस्ती राजाने ‘शोधलेली’ भूमी त्याची होते, या समजाला जी पंधराव्या शतकातील परमगुरूंची आज्ञापत्रे आधार म्हणून दाखविली जात, त्यांत १४५५ चे ‘रोमानुस पोन्तिफेक्स’ आहे. ते पोर्तुगालच्या राजाला दिलेले होते. त्याच परंपरेतून पाद्रोआदोची व्यवस्था आली आणि १५३४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलेल्या आपल्या वसईच्या किनाऱ्यावर ती नांदली. आपली श्रद्धा आपल्याला त्याच जहाजांतून मिळाली. तिच्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. आणि त्या जहाजांत आणखी काय काय होते, हे विसरण्याची मुभा ती कृतज्ञता आपल्याला देत नाही.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले आज कॅनडात स्थायिक आहेत. आईवडील त्यांना भेटायला जातात, सहली काढतात. ज्यांच्या भूमीवर ती मुले घर करून आहेत त्यांचा हा इतिहास त्यांनी घरात एकदा तरी वाचावा. जखय चार पटींनी परत करायला तयार झाला तो प्रभू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आल्यानंतर. हिमभूमीत हिशेब उलटा आहे : तेथे घर इनुइटांचे आहे आणि परत करण्याची पाळी पाहुण्याची. आतापर्यंत जे परत गेले त्यात चौघांच्या अस्थी आहेत, एका शहराचे नाव आहे आणि हेब्रॉनच्या गिरिजाघराची दुरुस्ती आहे. यादी अजून फार लहान आहे.